‘झिंगाट’चे मालक किती?

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा तालुक्याला लागूनच सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका आहे. त्या करमाळ्याच्या परिसरात नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ हा चित्रपट चित्रित केला आणि २९ एप्रिल २०१६ रोजी तो पडद्यावर आला. त्यातील ‘झिंगाट’ हे गाणे आपल्या जिल्ह्यात किती वेळा वाजले असेल, याची मोजदाद कोणी करू शकणार नाही. परांड्यापासून उमरग्यापर्यंत क्वचितच एखादी वरात या गाण्यावाचून गेली असेल.

या एका गाण्यावर आपल्याकडच्या अनेकांचे पोट भरले. बँडवाल्यांनी सुपाऱ्या घेतल्या, डीजेवाल्यांनी दर वाढवले, मोबाईलच्या दुकानदारांनी कार्डात गाणे भरून दहा-वीस रुपये घेतले, धाबेवाल्यांनी ते लावून गिऱ्हाईक बसवले, तर कोणी त्याच्याच चालीवर शब्द बसवून सेलची जाहिरात रिक्षातून फिरवली. या प्रत्येक व्यवहाराकडे कायदा वेगळ्या नजरेने पाहतो. काही ठिकाणी कोणाला एक पैसाही देणे लागत नाही. काही ठिकाणी परवाना लागतो. आणि एका ठिकाणी तर सरळ फौजदारी गुन्हा होतो. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना हा फरक नीट ठाऊक नसतो. त्यामुळे जेथे देणे लागत नाही तेथे ते घाबरून पैसे देतात आणि जेथे धोका आहे तेथे बिनधास्त राहतात. म्हणून या लेखात आम्ही एका गाण्याचा हिशेब मांडत आहोत.

संगीत ऐकावे की ऐकू नये, याबाबत आपल्या समाजात मतभेद आहेत. तो विषय उलेमांचा आहे. आम्ही येथे फक्त व्यवहार आणि कायदा यांपुरते बोलणार आहोत.

गाणे तयार कसे झाले?

‘सैराट’चे संगीत अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचे आहे. चित्रपटात गाणी अवघी चार. त्यांपैकी ‘झिंगाट’चे शब्द या दोघा भावांचे, चाल त्यांचीच आणि आवाजही त्यांचाच. चित्रपटाच्या संगीतासाठी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वादन करून घेण्यात आले. मराठी चित्रपटासाठी हा खर्च मोठाच होता. झी म्युझिक कंपनीने ही गाणी बाजारात आणली.

पूर्वी चित्रपटाची सगळी गाणी एका कॅसेटमध्ये येत आणि गिऱ्हाइकाला पूर्ण कॅसेट घ्यावी लागे. आता एकेक गाणे सुटे बाजारात येते. चित्रपट लागण्यापूर्वीच गाणे मोबाईलवर पोहोचते आणि तेच चित्रपटाची जाहिरात करते. गाणे चालले तर तिकीटबारीवर गर्दी होते, आणि चित्रपट उतरल्यावरही गाण्याची कमाई वेगळी चालू राहते. ‘सैराट’ने १०० कोटी रुपयांच्या वर धंदा केला, मराठीत असे प्रथमच घडले. या यशात गाण्यांचा वाटा मोठा होता, हे त्या वेळी थिएटरात नाचणारे प्रेक्षक ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको.

पुढे हीच चाल इतर भाषांत गेली. २०१७ मध्ये कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ हा चित्रपट निघाला. २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ निघाला; त्यात ‘झिंगाट’ची चाल तीच राहिली, पण हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिले. म्हणजे माल एकदा तयार झाला आणि वेगवेगळ्या बाजारांत पुन्हा पुन्हा विकला गेला. कापडाचा तागा एकदाच विकता येतो, पण गाणे विकूनही मालकाजवळ शिल्लक राहते. या धंद्याचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

एका गाण्यात चार हक्क

सामान्य माणूस ‘गाणे’ म्हणून जे ऐकतो, त्यात कायद्याच्या दृष्टीने चार वेगवेगळे हक्क असतात.

पहिला हक्क शब्दांचा. तो गीतकारापासून सुरू होतो. दुसरा चालीचा. तो संगीतकारापासून सुरू होतो. तिसरा ध्वनिमुद्रणाचा. ज्याने भांडवल घालून गाणे मुद्रित करून घेतले, त्या निर्मात्याचा किंवा त्याच्याकडून हक्क घेणाऱ्या कंपनीचा तो असतो. चौथा हक्क गायक-वादकाचा. त्याला कायद्यात ‘कलाकाराचा हक्क’ म्हटले आहे.

‘झिंगाट’मध्ये शब्द, चाल आणि आवाज यांमागे तेच दोघे भाऊ आहेत, म्हणून हे सगळे एकच वाटते. ‘धडक’कडे पाहिले म्हणजे फरक कळतो. तेथे चाल गोगावले बंधूंची, शब्द भट्टाचार्य यांचे आणि मुद्रण नवे. हिंदी गाणे वाजले तर शब्दांचा मोबदला एका घरी आणि चालीचा दुसऱ्या घरी जाणार.

आपल्या कारागिरांना हे समजायला अवघड नाही. समजा, एकाने शेरवानीवरच्या जरीकामाचा नमुना काढला, दुसऱ्याने त्याप्रमाणे भरतकाम केले, तिसऱ्याने कापड आणि मजुरीसाठी भांडवल घातले. गिऱ्हाइकाने शेरवानी विकत घेतली. शेरवानी त्याची झाली, ती त्याने घालावी किंवा भेट द्यावी. पण तोच नमुना उचलून शंभर शेरवान्या विकण्याचा अधिकार त्याला त्या खरेदीतून मिळाला नाही. गाण्याचेही तसेच आहे. कॅसेट घेतली, सीडी घेतली किंवा मोबाईलवर महिन्याची वर्गणी भरली, तर घरी ऐकण्याचा अधिकार मिळतो. दुकानात लोकांना ऐकवण्याचा, प्रती काढून विकण्याचा किंवा जाहिरातीत घालण्याचा अधिकार वेगळा घ्यावा लागतो.

हे हक्क किती वर्षे टिकतात, तेही पाहू. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. मुद्रणाचा हक्क गाणे प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. ‘झिंगाट’ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे त्याच्या मुद्रणाचा हक्क २०७६ च्या अखेरपर्यंत शाबूत आहे. ‘गाणे जुने झाले, आता कोण विचारतो’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

गाणे करणाऱ्याला काय मिळते?

आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो जानेवारी १९५८ पासून लागू झाला. पण त्यानंतर बरीच वर्षे चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार एकरकमी मोबदला घेऊन मोकळे होत. गाणे पुढे कितीही चालो, त्यांचा हिशेब मिटलेला असे.

१९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, ही संस्था स्थापन झाली. चित्रपट निर्माते आणि ही संस्था यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माताच ठरतो. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या आवाजाला कायद्यात स्थानच नाही, याकडे लक्ष वेधले होते. गायक-वादकांच्या हक्काची तरतूद त्यानंतर १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आली.

गीतकार-संगीतकारांची स्थिती बदलली ती २०१२ मध्ये. कवी जावेद अख्तर राज्यसभेचे सदस्य होते आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. मे २०१२ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. या दुरुस्तीचे सार असे, की चित्रपटासाठी गीत किंवा संगीत देणाऱ्याने आपला हक्क विकला तरी रॉयल्टीतील आपला वाटा त्याला विकता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे दाखवले जाते, तेवढा वापर यातून वगळला आहे. रेडिओ, दूरदर्शन, मोबाईल, हॉटेल, कार्यक्रम अशा बाकी सर्व ठिकाणच्या कमाईत हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीने त्याचा वाटा राहतो. उलट करार केला असेल तर तो करार निरर्थक ठरतो.

गरजू माणूस पैशांच्या अडचणीत कशावरही सही करतो. उद्या त्या मालाची किंमत किती होईल, हे गाणे तयार होताना त्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. एकरकमी सौद्यात नुकसान नेहमी कारागिराचे होते. म्हणून कायद्याने त्याचा एक हिस्सा सौद्याच्या बाहेर ठेवला. ‘झिंगाट’ या दुरुस्तीनंतर चार वर्षांनी आले, म्हणजे त्याच्या रचनाकारांना नव्या कायद्याचे संरक्षण आहे.

कोणाला देणे लागते, कोणाला नाही?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आपल्या धंद्यांचा एकेक करून विचार करू.

हॉटेल, धाबा आणि दुकान. सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा आणि सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग, उमरगा या भागांत आपल्या बांधवांची हॉटेले आणि दुकाने आहेत. गिऱ्हाइकांसाठी मुद्रित गाणी लावणे हे कायद्याने ‘सार्वजनिकरीत्या ऐकवणे’ ठरते. त्यासाठी दोन बाजूंची परवानगी लागते. एक शब्द आणि चाल यांची, दुसरी मुद्रणाची. धंदा लहान आहे म्हणून कायद्याने सूट दिलेली नाही. प्रत्यक्षात वसुली करणारे मोठ्या हॉटेलांकडे आधी जातात, हा भाग वेगळा. ज्यांना हा खर्च परवडत नाही त्यांनी गाणी न लावणे, हा सरळ मार्ग आहे.

मोबाईलची दुकाने. येथे आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो. गिऱ्हाइकाच्या मेमरी कार्डात किंवा पेन ड्राइव्हमध्ये गाणी-चित्रपट भरून पैसे घेणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सांगितले, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. वीस रुपयांसाठी एवढी जोखीम घेणे व्यापाराच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. स्वस्त डेटामुळे ही गिऱ्हाइकी आता कमी झाली आहे, पण खेड्यापाड्यांतील बाजारात ती अजून संपलेली नाही. दुकानातील मुलाने मालकाच्या नकळत हे केले तरी चौकशी मालकाचीच होते, हेही ध्यानात ठेवावे.

बँड आणि डीजे. या दोघांत फरक आहे. बँड पथक स्वतः वाजवते, त्यामुळे तेथे प्रश्न फक्त चालीचा असतो. कोणी गात असेल तर शब्दांचाही. डीजे कंपनीचे मुद्रण वाजवतो, त्यामुळे तेथे शब्द, चाल आणि मुद्रण हे तिन्ही हक्क येतात. दुकानाचे उद्घाटन, राजकीय मिरवणूक, तिकीट लावून केलेला कार्यक्रम अशा ठिकाणी वाजवायचे असेल तर परवान्याची जबाबदारी कोणाची, आयोजकाची की पथकाची, हे सुपारी घेतानाच कागदावर लिहून घ्यावे. पुढे तक्रार झाली तर आयोजक हात वर करतो आणि वाद्ये जप्त होतात ती पथकाची.

लग्न आणि धार्मिक कार्यक्रम. येथे कायद्याने मोठी सवलत दिली आहे. कलम ५२ मधील तरतुदीप्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणे वाजवले किंवा ऐकवले तर हक्कभंग होत नाही. याच तरतुदीच्या स्पष्टीकरणात लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक समारंभ यांचाही समावेश केला आहे. म्हणजे वरात, हळद-मेंदी, निकाहनंतरचा वलीमा येथे गाणे वाजले तर त्यासाठी परवाना लागत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हेच सांगितले, की लग्नसमारंभांत वाजणाऱ्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नये.

यानंतर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये असेच परिपत्रक काढले होते. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. त्यावरून काही जण लग्नाची सवलतच गेली, असे सांगतात. ते खरे नाही. न्यायालयाने परिपत्रक रद्द केले, संसदेने कायद्यात घातलेले कलम कायम आहे. मात्र एखादा समारंभ त्या कलमात बसतो की नाही, यावर वाद झाला तर निर्णय न्यायालयात होतो. घरच्या लग्नात हा प्रश्न येत नाही. मोठ्या हॉटेलात, इव्हेंट कंपनीमार्फत, पैसे घेऊन नाचगाण्याचा वेगळा कार्यक्रम केला तर तो येऊ शकतो.

हीच गोष्ट उरुसाची. धाराशिव शहरातील हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याच्या उरुसासारख्या प्रसंगी धार्मिक विधीचा भाग म्हणून जे वाजते ते सवलतीत बसते. त्याच वेळी बाहेरच्या मैदानात पाळणेवाल्याने किंवा खेळवाल्याने गिऱ्हाईक ओढण्यासाठी लावलेले गाणे धार्मिक विधी होत नाही.

लाउडस्पीकरची परवानगी आणि गाण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर वाजवता येत नाही. लग्नाला रॉयल्टी माफ आहे म्हणून आवाजाचा नियम माफ होत नाही.

फोटो-व्हिडिओ स्टुडिओ. लग्नात गाणे वाजवण्याला सवलत आहे, पण लग्नाच्या चित्रफितीला मागून ‘झिंगाट’ जोडून ती आपल्या स्टुडिओच्या नावाने यूट्यूबवर टाकणे हा वेगळा वापर आहे. तेथे कंपनीची यंत्रणा गाणे आपोआप ओळखते. मग चित्रफीत बंद होते किंवा तिच्या जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात. स्टुडिओवाल्यांनी असे काम करताना परवाना घेतलेले किंवा स्वतः तयार करून घेतलेले संगीत वापरावे.

रिक्षातील जाहिरात. गाजलेल्या चालीवर आपल्या दुकानाचे शब्द बसवून ती जाहिरात फिरवणे आपल्याकडे सर्रास चालते. शब्द बदलले म्हणून चाल आपली होत नाही. मूळ संगीताची पट्टी वापरली तर मुद्रणाचाही भंग होतो. आपल्या गावातील एखाद्या शाहिराकडून नवी चाल करून घेतली तर खर्च थोडा, जाहिरात स्वतःची आणि एका कलावंताला काम.

वसुलीला माणूस आला तर

गाण्याच्या परवान्यासाठी कोणी दारात आला तर घाबरूनही जाऊ नये आणि हुसकूनही लावू नये. तो कोणाच्या वतीने आला आहे, हे आधी विचारावे. शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस ही संस्था २०१७ मध्ये पुन्हा नोंदणीकृत झाली. मुद्रणांच्या बाबतीत काही कंपन्या स्वतःच्या किंवा करार करून घेतलेल्या गाण्यांचे परवाने देतात. नोंदणीकृत संस्था नसताना त्यांना असे करता येते का, हा वाद न्यायालयांत गेलेला आहे. त्यामुळे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चार गोष्टी मागाव्यात. पहिली, त्या माणसाचे ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र. दुसरी, कोणकोणत्या कंपन्यांची गाणी त्यांच्या अधिकारात आहेत, त्याची यादी. कारण एका संस्थेचा परवाना घेतला म्हणजे सगळी गाणी मोकळी होत नाहीत. तिसरी, दरपत्रक, नोंदणीकृत संस्थेने आपले दर जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. चौथी, पक्की पावती आणि परवाना, ज्यावर मुदत लिहिलेली असेल. पैसे रोख न देता बँकेमार्फत द्यावेत. नोटीस आली तर ती टाकून न देता वकिलाला दाखवून लेखी उत्तर द्यावे.

लग्नाच्या हॉलवर येऊन कोणी ऐनवेळी पैसे मागत असेल तर वर सांगितलेल्या कलम ५२ चा आणि जुलै २०२३ च्या सरकारी सूचनेचा हवाला द्यावा. शादीखाना आणि मंगल कार्यालय चालवणाऱ्यांनी या सूचनेची एक प्रत कार्यालयात लावून ठेवली तर बरेच वाद जागच्या जागी मिटतील.

आपलाही माल आहे

आतापर्यंत आपण वाजवणाऱ्याच्या बाजूने पाहिले. पण आपल्या जिल्ह्यात गाणी करणारेही आहेत. कव्वाल आहेत, शाहीर आहेत, नात लिहिणारे आणि पढणारे आहेत, बँड पथकातील वादक आहेत. त्यांची ध्वनिमुद्रणे कोणी तरी करून नेतो, हातावर दोन-पाच हजार ठेवतो आणि पुढे ते गाणे लाखो लोक ऐकतात. मूळ माणसाला त्याचा पत्ता नसतो. २०१२ च्या दुरुस्तीचे संरक्षण मुंबईच्या संगीतकारांइतकेच त्यांनाही आहे. चित्रपटाबाहेरच्या मुद्रणातही गीत-संगीत देणाऱ्याचा रॉयल्टीतील वाटा सौद्यात सोडून देता येत नाही.

त्यासाठी काही नियम माहीत असावेत. हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेलाच असावा लागतो. तोंडी सौद्याने हक्क जात नाही. करारात कोणते गाणे, कोणता हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहिलेले असावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात त्याचा वापरच केला नाही आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर तो हक्क परत येतो. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या इंग्रजी कराराखाली सही करू नये, हे जमिनीच्या व्यवहारात आपण शिकलो आहोत. गाण्यातही ते तेवढेच खरे आहे.

हक्क मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. गाणे रचले आणि ते लिहिले किंवा मुद्रित केले, की हक्क निर्माण होतो. तरीही वाद झाल्यास पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात शब्द किंवा चालीच्या एका कृतीसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये शुल्क आहे. गीतकार-संगीतकारांना आयपीआरएसचे सदस्य होऊन आपला वाटा मागता येतो.

दुसऱ्याचे गाजलेले गाणे स्वतःच्या आवाजात मुद्रित करून विकायचे असेल तर त्यालाही रीत आहे. मूळ मुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते, मालकाला आगाऊ नोटीस द्यावी लागते आणि दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. एवढ्या अटी पाहता छोट्या कलावंताने स्वतःचीच नवी चीज करणे अधिक फायद्याचे आहे.

दोन बाजूंचा हिशेब

मेमरी कार्डाच्या दुकानातून मूळ रचनाकाराच्या हाती काही येत नाही. वरातीतून येत नाही, कारण कायद्यानेच समाजाच्या आनंदासाठी तेवढी मोकळीक ठेवली आहे. हॉटेल, रेडिओ, मोबाईल आणि हिंदी-कन्नड आवृत्त्यांतून मात्र आले पाहिजे, आणि २०१२ नंतर ते मागण्याचा त्याचा हक्क पक्का झाला आहे. जेथे मोकळीक आहे तेथे आपण मान ताठ ठेवून ती वापरावी. जेथे दुसऱ्याच्या कष्टावर आपली गिऱ्हाइकी चालते, तेथे त्याचे देणे चुकते करावे किंवा त्याचा माल वापरू नये.

आपल्या समाजात मजुरी बुडवणाऱ्याला कोणी चांगले म्हणत नाही. शिवणाऱ्याने शिवले, घडवणाऱ्याने घडवले, तर त्याचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, हे आपण मानतो. गाणे हाताला लागत नाही म्हणून ते कोणाच्या कष्टाचे नाही असे होत नाही. मोबाईलचे दुकान चालवणाऱ्या तरुणांनी कार्डे भरण्याचे काम आजच बंद करावे, बँड पथकांनी सुपारीच्या कागदात परवान्याची एक ओळ घालावी आणि आपल्या कव्वाल-शाहिरांनी पुढच्या मुद्रणाआधी करार वाचून घ्यावा. एवढे झाले तरी पुष्कळ नुकसान टळेल, असे आम्हांस वाटते.